कॅन्सरची पेशी साखर खाते म्हणून ॲसिड सोडते, की ॲसिड बाहेर टाकता येतं म्हणून साखर खाते?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. तुम्ही एमएस्सी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहात, वर्गात सरांनी शिकवलं की कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन भरपूर असला तरी साखर अर्धवट जाळतात आणि लॅक्टिक ॲसिड सोडतात, आणि त्याच आठवड्यात मावशीला ब्रेस्ट कॅन्सरचं निदान झालं, किमो सुरू होणार आहे, आणि फॅमिली ग्रुपवर मेसेज आला की कॅन्सर फक्त ॲसिडिक शरीरात वाढतो, रोज सकाळी लिंबू आणि खायचा सोडा घ्या, साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल. पुस्तकही साखर आणि ॲसिड म्हणतंय, मेसेजही साखर आणि ॲसिडच म्हणतोय, मग मेसेजमध्ये चूक नेमकी कुठे आहे, असं तुम्ही विचारलंय.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी डॉक्टर नाही. गेली सतरा वर्षं पुण्यात लॅबमध्ये कॅन्सरच्या पेशी वाढवते, त्यातली बरीच वर्षं पेशीच्या आतला आणि बाहेरचा पीएच (आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) मोजण्यात गेली. मावशीच्या औषधाबद्दल शेवटचा शब्द त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टचा. पण साखर आणि ॲसिडचं नातं कसं चालतं हे मी रोज डोळ्यांनी बघते, त्यामुळे तेवढं नीट सांगू शकते.

आणि ॲसिडिटी हा शब्द बाजूला ठेवू, कारण आपल्याकडे ॲसिडिटी म्हटलं की लोक लगेच छातीवर हात ठेवतात आणि जेलुसिल आठवतं. इथे पोटाचा संबंध नाही.

खरा प्रश्न "शरीर ॲसिडिक आहे का" हा नाहीच. प्रश्न आहे की पेशीच्या पडद्याच्या कुठल्या बाजूला ॲसिड आहे. मेसेज चुकतो तो बरोबर इथे. नॉर्मल पेशीच्या आत पीएच साधारण ७.२ असतो आणि बाहेर, रक्ताच्या आसपास, ७.४. कॅन्सरच्या बऱ्याच पेशींमध्ये हे उलटं असतं, आत ७.४ किंवा थोडं वरच, आणि गाठीतल्या पेशींच्या मधल्या फटींमध्ये ६.७ ते ७.१. म्हणजे कॅन्सरची पेशी स्वतः ॲसिडिक नसते, ती आतून शेजाऱ्यांपेक्षा जास्त अल्कलाइन, म्हणजे ॲसिडच्या उलट बाजूची, असते! ॲसिडिक असतं ते तिचं अंगण. आकडे किरकोळ वाटतील पण पीएच लॉगचा खेळ आहे, ०.३ इतका फरक पडला की प्रोटॉन, म्हणजे ॲसिडचे कण, दुप्पट किंवा निम्मे होतात.

मी मूळची सांगलीकडची, त्यामुळे मला हे साखर कारखान्यावरून समजावायची सवय लागलीय. गाळप चालू असताना कारखान्यातून मळी निघते, सांडपाणी निघतं. ते बाहेर जायचा रस्ता चालू असेल तर गाळप चालू राहतं, टाक्या तुंबल्या तर दारात उसाच्या बैलगाड्यांची कितीही रांग असो, गाळप थांबवावं लागतं. आता एखादा कारखाना सांडपाणी गुपचूप ओढ्यात सोडत असेल तर ओढा काळा पडतो, मासे मरतात, वास सुटतो, पण कारखान्याच्या आवारात जाऊन बघा, तिथे बाग फुललेली असते. मेसेज लिहिणाऱ्याने ओढा बघितला आणि म्हणाला की हा कारखाना घाण पाण्यावर चालतो, पाणी स्वच्छ करा म्हणजे बंद पडेल. अहो, कारखाना उसावर चालतो, आणि घाण बाहेर ढकलता येते म्हणून चालतो.

आता हे किती गंभीर आहे ते आकड्यात बघू, कारण मला स्वतःला हा हिशोब केल्याशिवाय पटलं नव्हतं. मध्यम आकाराची पेशी घ्या, आकारमान २ पिकोलिटर. पीएच ७.२ असताना आत मोकळे प्रोटॉन किती? गुणाकार करून बघा, पाऊण लाखाच्या आसपास येतात. इतकेच. आता साखरेकडे या. ग्लायकोलिसिसचा, म्हणजे साखर अर्धवट जाळण्याच्या प्रक्रियेचा, पूर्ण हिशोब जुळवला, म्हणजे तयार झालेलं एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) वापरून संपलं हेही धरलं, तर एका ग्लुकोजमागे २ लॅक्टेट आणि २ प्रोटॉन पदरात पडतात (ही जोडी म्हणजेच लॅक्टिक ॲसिड). चांगली भूक असलेली कॅन्सरची पेशी तासाला अर्धा पिकोमोल लॅक्टेट सहज काढते, म्हणजे सेकंदाला ८ कोटींच्या घरात प्रोटॉन. आत मावणार पाऊण लाख, आणि तयार होणार सेकंदाला ८ कोटी. पेशीतली प्रोटीन्स आणि फॉस्फेट बरेचसे प्रोटॉन शोषून घेतात, म्हणून लगेच काही होत नाही, पण दारं बंद केली तर माझ्या ढोबळ हिशोबाने दीड-दोन मिनिटांत आतला पीएच ०.३ ने खाली येईल.

आणि ०.३ ने खाली आला की काय होतं? साखर थांबते. ग्लायकोलिसिसमध्ये तिसऱ्या पायरीवर फॉस्फोफ्रक्टोकायनेज नावाचं एन्झाइम आहे, आम्ही पीएफके म्हणतो, तुम्ही रेग्युलेशनच्या प्रश्नात ते पाठ केलं असेल, एटीपी वाढलं की बंद, एएमपी वाढलं की चालू वगैरे. त्या तक्त्यात पीएच बहुतेक वेळा एका ओळीत उरकतात आणि विद्यार्थी ते विसरतात. १९६६ मध्ये त्रिवेदी आणि डॅनफोर्थ यांनी बेडकाच्या स्नायूतलं पीएफके घेऊन दाखवलं की पेशीत असतो त्या पीएचच्या पट्ट्यात एक-दोन दशांशाचा फरक पडला तरी या एन्झाइमचा वेग कित्येक पटीने बदलतो. स्नायूसाठी हे शहाणपणाचंच आहे, धावून धावून आत ॲसिड साठलं की आपोआप ब्रेक लागतो. म्हणजे साखर जाळण्याच्या यंत्रणेतच पीएचची कळ बसवलेली आहे, आत ॲसिड वाढलं की बंद, आत अल्कलाइन झालं की मोकाट. दह्याचंही तसंच आहे की, विरजणातले बॅक्टेरिया दुधातली सगळी साखर कधीच संपवत नाहीत, स्वतःच केलेल्या आंबटपणात स्वतःच अडकून मंदावतात. कॅन्सरच्या पेशीने फक्त यातून सुटायची वाट शोधलीय.

ती वाट म्हणजे दारं. एक दार एनएचई-१, ते एक सोडियम आत घेतं आणि एक प्रोटॉन बाहेर टाकतं. दुसरं एमसीटी, त्यात एमसीटी-१ आणि एमसीटी-४ महत्त्वाची, ही लॅक्टेट आणि प्रोटॉन जोडीने बाहेर नेतात, एकास एक, म्हणजे साखरेचा कचरा आणि ॲसिड एकाच घंटागाडीत. तिसरी यंत्रणा मला सगळ्यात हुशार वाटते. पेशीच्या बाहेरच्या अंगाला कार्बोनिक अॅनहायड्रेज-९ हे एन्झाइम चिकटलेलं असतं, ते बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडचं पाण्याशी लग्न लावून बायकार्बोनेट (खायच्या सोड्यात असतं तेच) आणि प्रोटॉन करतं, प्रोटॉन बाहेरच राहतो, बायकार्बोनेट दुसऱ्या दाराने आत येतं, आतल्या एका प्रोटॉनला धरतं, त्याचा परत कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो पडद्यातून आपोआप बाहेर निघून जातो. पेशी स्वतःचा खायचा सोडा स्वतःच करून पिते, आणि तो सुद्धा स्वतःच्या दारातच. मावशींना कोणी ग्लासभर सोडा दिला तर तो नेमका त्या दारापर्यंत कसा पोचणार हा विचार मेसेजमध्ये नसतो.

ऑक्सिजन कमी पडला की हिफ-१ नावाचा स्विच चालू होतो आणि तो एकाच वेळी साखर आत घेणारा ग्लूट-१, लॅक्टेट करणारं एलडीएच-ए, बाहेर टाकणारं एमसीटी-४ आणि हे कार्बोनिक अॅनहायड्रेज-९, सगळ्यांची ऑर्डर एकदम देतो. मला हे फार बोलकं वाटतं. ऊस वाढवायचा असेल तर सांडपाण्याची पाइपही त्याच दिवशी मोठी करायला लागते, हे पेशीला माहीत आहे. किडनीच्या क्लिअर सेल कॅन्सरमध्ये तर व्हीएचएल जीन बिघडल्यामुळे हा स्विच ऑक्सिजन असतानाही चालूच राहतो.

आता शीर्षकातला प्रश्न, आधी काय होतं? इतिहास साखरेच्या बाजूने सुरू झाला. बर्लिनमध्ये ऑटो वारबुर्गने १९२० च्या दशकात गाठीचे पातळ काप घेऊन दाखवलं की ऑक्सिजन असतानाही ते लॅक्टिक ॲसिड काढत राहतात. १९२५ मध्ये कार्ल आणि गर्टी कोरी या नवरा-बायकोने एका पंखात गाठ असलेल्या कोंबडीच्या दोन्ही पंखांतलं रक्त तपासलं, गाठीकडून परतणाऱ्या रक्तात साखर कमी, लॅक्टिक ॲसिड जास्त. वारबुर्गला १९३१ चं नोबेल मिळालं ते श्वसनाच्या एन्झाइमसाठी, कॅन्सरसाठी नव्हे, आणि मेसेजमध्ये "नोबेल विजेत्याने सिद्ध केलं की कॅन्सर ॲसिडमुळे होतो" असं जे वाक्य असतं ते पूर्ण बनावट आहे. त्याचं खरं म्हणणं वेगळंच होतं, की पेशीचं श्वसन बिघडतं म्हणून ती साखरेकडे वळते. तेही बहुतेक कॅन्सरमध्ये खरं ठरलं नाही, त्यांचे मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या श्वसनाच्या भट्ट्या, चालू असतात.

मग बिघाड नसताना पेशी अशी का वागते? याची उत्तरं बरीच आहेत, वाढीसाठी कच्चा माल लागतो वगैरे, ते तुमच्या सरांनी शिकवलं असेल. पण पीएचच्या बाजूचं एक काम मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला देते. २००० साली इटलीतल्या बारी इथल्या रेश्किन यांच्या गटाने फायब्रोब्लास्ट नावाच्या साध्या पेशींमध्ये एचपीव्ही विषाणूचं ई-७ जीन घातलं, तोच विषाणू जो गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे असतो, आणि ते जीन हवं तेव्हा चालू करता येईल अशी सोय ठेवली. चालू केल्यावर सुरुवातीच्याच टप्प्यात एनएचई-१ जोरात चालू झालं आणि पेशी आतून अल्कलाइन झाली. साखर अर्धवट जाळणं, बेशिस्त वाढ, हे सगळं त्यानंतर. एनएचई अडवलं तर पुढचं अडखळलं. म्हणजे निदान त्या पेशीत तरी दार आधी उघडलं आणि साखर नंतर आली. सगळ्या कॅन्सरमध्ये असाच क्रम असतो असं मी म्हणणार नाही, पण "साखर खाल्ली म्हणून ॲसिड झालं, इतकंच" हे चित्र अर्धं आहे हे यावरून कळतं.

माझा स्वतःचा धडा याहून घरगुती आहे. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी पेशींच्या प्लेट्स लावून घरी गेले, एका कंपाउंडने लॅक्टेट कमी होतं का ते बघायचं होतं. चौथ्या दिवशी परत येऊन मोजलं तर लॅक्टेट वाढलेलं! मी हरखले, काहीतरी नवीन सापडलं म्हणून रात्री बसून ग्राफ काढले, गाइडना मेल पण टाकली. सकाळी ते आले, प्लेटकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "आधी सिलेंडर बघून ये." मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते पाणी, गडद जांभळं-गुलाबी झालं होतं आणि मी ते बघूनही बघितलं नव्हतं. इन्क्युबेटरचा कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर सुट्टीत कधीतरी रिकामा झाला होता, गॅस गेला की मीडियममधलं बायकार्बोनेट एकटं पडतं आणि पीएच ८ कडे सरकतो. बाहेर अल्कलाइन, त्यामुळे आतही अल्कलाइन, पीएफके मोकाट, आणि पेशींनी साखरेवर ताव मारला. ज्यात काहीच औषध घातलं नव्हतं त्या प्लेट्समध्येही लॅक्टेट तितकंच वाढलेलं होतं, ते मी घाईत धड बघितलंच नव्हतं. नकळत मी पेशींना "अल्कलाइन डाएट" दिला होता आणि त्या उपाशी मरण्याऐवजी जास्त जेवल्या. तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये सिलेंडरच्या गेजचं रीडिंग वहीत लिहिल्याशिवाय कोणी सुट्टीवर जात नाही.

उलटी बाजू तर तुम्ही सोमवारी सकाळी कुठल्याही लॅबमध्ये बघू शकता. शुक्रवारी दाट भरलेला फ्लास्क सोमवारी पिवळा पडलेला असतो. त्यातलं फिनॉल रेड हे इंडिकेटर ७.४ ला लाल, खाली घसरलं की नारिंगी, ६.८ च्या आसपास पिवळं. हाय-ग्लुकोज डीएमईएम या नेहमीच्या मीडियममध्ये साखर २५ मिलिमोलर असते, म्हणजे डेसिलिटरला ४५० मिग्रॅ, डायबेटिसवाल्याला धडकी भरेल इतकी, उपाशीपोटी रक्तात साधारण ९० असते. सगळे म्हणतात पिवळं झालं म्हणजे खाणं संपलं. मी मुलांना साधं मेडिकलमध्ये मिळणारं ग्लुकोमीटर देते आणि त्या पिवळ्या मीडियमचा थेंब टाकून बघायला सांगते. ते रक्तासाठी बनवलेलं असल्यामुळे आकडा काटेकोर नसतो पण अंदाज यायला पुरतं. बरेचदा साखर शिल्लक असते! समोर ताट आहे पण पेशी जेवायची मंदावलीय, कारण बाहेर इतकं ॲसिड झालं की दारातून प्रोटॉन बाहेर ढकलणंच अवघड झालं, आत साठायला लागलं, ब्रेक लागला.

आणि अशा ॲसिडमध्ये जास्त दिवस राहिलेल्या पेशी मरून जात नाहीत, चव बदलतात. साखर कमी करून ग्लुटामाइन (एक अमिनो ॲसिड) आणि फॅटवर जगायला शिकतात. गाठीच्या आतल्या कोपऱ्यात हे खरंच होतं. काही पेशी तर शेजारणीने टाकलेलं लॅक्टेटच उचलून जाळतात, २००८ मध्ये हे उंदरांमध्ये दाखवलं गेलं, ऑक्सिजनपासून लांबची पेशी साखर खाऊन लॅक्टेट सोडते आणि रक्तवाहिनीजवळची तेच लॅक्टेट एमसीटी-१ मधून आत घेऊन जाळते, त्यामुळे साखर आतल्या पेशीसाठी उरते. एकीचं उष्टं दुसरीचं जेवण. त्यामुळे "कॅन्सर साखर खातो" हे एकवचनी वाक्यच मला खटकतं. एकाच गाठीत चार प्रकारचे खाणारे असतात.

इथे कशावर काय अवलंबून आहे ते सांगून टाकते, कारण वरचं सगळं वाचून एकच नियम काढला तर फसाल. गाठ कुठली, तिच्यात रक्तपुरवठा कसा, ती पेशी एमसीटी-१ वापरते की ४, पी-५३ किंवा रॅस ही कॅन्सरशी जोडलेली जीन्स बिघडली आहेत का, यावर चित्र बदलतं. काही कॅन्सर साखरेवर फार अवलंबून नसतात, म्हणून पेट स्कॅनमध्ये (साखर कुठे ओढली जाते ते दाखवणारा स्कॅन) नीट दिसतही नाहीत, प्रोस्टेटचं हे नेहमीचं उदाहरण. आणि प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये ४५० साखर आणि भरपूर हवा मिळणारी पेशी आणि माणसाच्या शरीरातली पेशी यांत खूप अंतर आहे हे मी रोज स्वतःला बजावते.

आता सोड्याचं. यात एक खरा धागा आहे, तो लपवणं बरोबर नाही. २००९ मध्ये अमेरिकेत रोबी आणि गिलीज यांच्या गटाने ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी टोचलेल्या उंदरांना पिण्याच्या पाण्यात २०० मिलिमोलर सोडियम बायकार्बोनेट दिलं. गाठीबाहेरचा पीएच वाढला, दुसरीकडे पसरणं कमी झालं. पण मूळ गाठीच्या वाढीत फारसा फरक पडला नाही. म्हणजे साखर तोडून कॅन्सर उपाशी मारला असं काही झालं नाही, बाहेरच्या ॲसिडमुळे आजूबाजूचं मांस कुरतडून पुढे घुसायला जी मदत होते ती कमी झाली. ओढा थोडा स्वच्छ झाला, गाळप चालूच. शिवाय २०० मिलिमोलर म्हणजे लिटरला जवळजवळ १७ ग्रॅम सोडा. माणसांमध्ये करून बघायचा प्रयत्न झाला तेव्हा चवीमुळे आणि पोटाच्या त्रासामुळे लोक ते घेऊच शकले नाहीत.

आणि घरचा एक चमचा? एका चपट्या चमच्यात सुमारे सव्वा ग्रॅम सोडियम जातं, जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २ ग्रॅमची आहे, त्यात आपलं लोणचं-पापड वेगळं. किमोत उलट्या होत असताना हे घेतलं तर पोटॅशियम घसरू शकतं, बीपी आणि हार्टवाल्यांना तर धोकाच. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये ठेवायला फुप्फुसं आणि किडनी चोवीस तास ड्यूटीवर असतात, ज्यादा सोडा ते लघवीतून काढून टाकतात. म्हणून लोक लघवीत पट्टी बुडवून "बघा, अल्कलाइन झालं" म्हणतात, ती पट्टी शरीरातून बाहेर गेलेल्या सोड्याची पावती असते. लिंबात सोडा घातला तर फस्स होऊन त्यातला बराचसा ग्लासातच संपतो हे तर कोणीही घरी बघू शकतं. अजून एक, काही टार्गेटेड गोळ्या पोटातल्या ॲसिडशिवाय नीट विरघळत नाहीत, फुप्फुसाच्या कॅन्सरमधली एर्लोटिनिब हे माहीत असलेलं उदाहरण. ती मावशींना लागू नाही, पण सोडा, ॲसिडिटीची गोळी, काढा, जे काही चालू असेल ते डॉक्टरांना सांगायचं ते याचसाठी.

साखर बंद केल्याने गाठ उपाशी राहील का, तर रक्तातली साखर तुम्ही ताटावरून शून्य करू शकत नाही. लिव्हर ती तयार करतंच, आणि गंमत म्हणजे गाठीने सोडलेलं लॅक्टेट वापरूनही करतं, याच कोरी दांपत्याच्या नावाने त्याला कोरी सायकल म्हणतात. मिठाई, कोल्ड्रिंक कमी करा, ते कोणालाही चांगलंच, मावशींना डायबेटिस असेल तर जास्तच. पण भात, पोळी, फळं सगळं बंद करून किमोच्या काळात वजन घटलं, तर डोस कमी करायची किंवा सायकल पुढे ढकलायची वेळ येऊ शकते. हॉस्पिटलच्या डाएटिशियनला एकदा भेटाच.

मावशींचा पेट स्कॅन असेल तर घाबरू नका. त्यात फ्लोरिन-१८ लावलेलं ग्लुकोज देतात, साखरेवर तुटून पडणारी पेशी ते आत ओढते आणि पुढे मोडू शकत नाही म्हणून ते तिथेच अडकून चमकतं. चार ते सहा तास उपाशी ठेवतात ते यासाठीच. मेंदू आणि हृदय नॉर्मललाही चमकतात, टीबीची गाठही चमकते, त्यामुळे रिपोर्ट हातात पडल्यावर प्रत्येक उजळ ठिपका स्वतः मोजत बसू नका.

मग पीएच हा उपचाराचा मार्ग आहे का? विचार बरोबर आहे, फक्त दिशा मेसेजच्या उलट. बाहेर स्वच्छ करण्यापेक्षा दारं बंद करायची, म्हणजे पेशी स्वतःच्या ॲसिडमध्ये स्वतः तुंबेल. फ्रान्समध्ये नीस इथे पुइसेगुर यांनी १९८० च्या दशकातच एनएचई नसलेल्या पेशी निवडून काढल्या आणि नंतर त्यांच्या गटाने ही दारं एकेक करून बंद केल्यावर गाठी कशा मंदावतात ते दाखवलं. एमसीटी-१ अडवणारं एझेडडी-३९६५ हे औषध माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचलं, पण ज्या पेशीकडे एमसीटी-४ आहे ती त्या दाराने बाहेर पडते. एनएचई-१ अडवणारं कॅरिपोराइड हृदयाच्या ऑपरेशनमध्ये वापरून बघितलं तर स्ट्रोकमुळे मृत्यू वाढले, त्यामुळे ते मागे पडलं. ही दारं आपल्या हृदयाला, स्नायूंना, लाल रक्तपेशींनाही लागतात, अडचण ती आहे. माझं वैयक्तिक मत, एकच दार बंद करून फार काही हाती लागणार नाही, दोन दारं एकत्र किंवा दार आणि मायटोकॉन्ड्रिया एकत्र, असं काहीतरी लागेल.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की डिझर्टेशनमध्ये यावर काही छोटं करता येईल का. येईल. एमडीए-एमबी-२३१ या ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी पुण्यातल्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून मिळतात. मीडियमचा पीएच बायकार्बोनेट कमी-जास्त करून ६.६, ७.० आणि ७.४ असा ठेवा, ॲसिड ओतून नको, आणि गॅसमध्ये रात्रभर ठेवून मगच त्याचा पीएच मोजा, कारण बाटली बाहेर काढली की पाच-दहा मिनिटांत आकडा सरकायला लागतो. आतला पीएच बीसीईसीएफ या पीएचनुसार चमक बदलणाऱ्या डायने बघा, ४९० आणि ४४० चं गुणोत्तर घेऊन, आणि निजेरिसिन-पोटॅशियमचं कॅलिब्रेशन प्रत्येक दिवशी नव्याने करा, कालचा ग्राफ आज वापरू नका. सोबत ग्लुकोज आणि लॅक्टेट पेशींच्या संख्येने भागून काढा. सीहॉर्स (पेशींचं श्वसन आणि ॲसिड मोजणारं यंत्र) मिळालं तर त्यातला ॲसिडचा आकडा सगळा लॅक्टेटचा समजू नका, श्वसनाचा कार्बन डायऑक्साइडही त्यात मोजला जातो. आणि सुट्टीवर जाण्याआधी सिलेंडर बघा.